गिनीवरचा चरा काय सांगतो

आजीच्या डब्यातली गिनी विकायला काढली की घरात हमखास दोन तट पडतात. नाण्यावर बारीक चरे असतात, कडेला पोचा असतो, राजाच्या गालाजवळ तांबूस डाग असतो. टाकसाळीतलं नाणं इतकं ओबडधोबड कसं असेल, हे नकलीच, असं एक तट म्हणतो. दुसरा ते सराफाच्या यंत्राखाली धरतो आणि 22 कॅरेटचा आकडा दिसला की निर्धास्त होतो. दोघांचंही चुकतं, आणि त्या चुकीपायी खरी नाणी आटणीत जातात, खोटी चढ्या भावाने विकली जातात.

पहिल्या तटाचं म्हणणं तर नाण्याचा इतिहास पाहिला तरी टिकत नाही. आपण जिला गिनी म्हणतो ती ब्रिटिश सॉव्हरिन देवाणघेवाणीसाठीच पाडली गेली. ठशाखालून निघालेली नाणी एकमेकांवर आदळत, थैल्यांत भरली जात, पेढ्यांवर ओतून मोजली जात. सोनं मऊ, त्यामुळे चरे पडणारच. 1918 साली रॉयल मिंटच्या मुंबई शाखेने जवळपास 13 लाख सॉव्हरिन पाडल्या. सालाच्या वर बारीक ‘आय’ अक्षर असलेल्या या नाण्यांवरही असे चरे सर्रास दिसतात. तांबूस डागाचं कारण धातूतच आहे. बारा भागांत अकरा भाग सोनं आणि एक भाग तांबं. ते कुठे नीट मिसळलं नाही की तिथे डाग उमटतो. आपल्याकडे गिन्या गळ्यातही घातल्या गेल्या, म्हणून कडी काढल्याची, डाखाची खूण राहते. संग्राहक अशा नाण्याला कमी पैसे देईल, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

झीज तर ब्रिटिश कायद्यानेच गृहीत धरली होती. नव्या सॉव्हरिनचं वजन 7.988 ग्रॅम, झिजून 7.938 ग्रॅमपर्यंत उतरलेलं नाणंही चलनात चालत असे.

दुसऱ्या तटाची चूक जास्त महागात पडते. यंत्र सोन्याचा कस सांगतं, नाणं कुठे पडलं ते सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला तिच्यातल्या सोन्याहून जास्त भाव मिळू लागला, तेव्हा बैरुतसारख्या ठिकाणी चक्क अस्सल सोन्यात बनावट सॉव्हरिन पाडल्या गेल्या. कस तपासून त्या पकडता येत नाहीत.

मग पाहायचं काय? चरा आहे की नाही हे नव्हे, तो कसा आहे हे. तिरप्या उजेडात, दहापट भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवावं. वापरात पडलेला चरा धातू कापत जातो. त्याच्या काठाला सोनं किंचित वर लोटलेलं दिसतं आणि आतली चकाकी आजूबाजूपेक्षा वेगळी असते. खऱ्या नाण्यावरून ठसा उतरवून पाडलेल्या बनावटीत त्या मूळ नाण्याचा चराही उतरतो. मात्र त्याचे काठ गोलसर, बोथट असतात, आणि तळाला बाकीच्या पृष्ठभागासारखीच चकाकी असते. हाच खड्डा, याच जागी, याच आकारात दुसऱ्या नाण्यावर आढळला तर संशय पक्का होतो, कारण दोन नाण्यांना एकसारखा अपघात होत नाही.

उठून आलेल्या रेषेने मात्र घाबरून जाऊ नये. खऱ्या टाकसाळीतला ठसाही तडकतो, आणि त्या तड्यात शिरलेलं सोनं नाण्यावर उंच रेषा होऊन राहतं. अक्षरांच्या आजूबाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं, बारीक पुळ्या, कडेच्या खाचांत कानशीचे घाव असं सगळं एकत्र दिसलं तर गोष्ट वेगळी. ती ओतीव नकलेची लक्षणं आहेत. अशा वेळी वजनासोबत व्यासही मोजावा. तो 22.05 मिलिमीटर असायला हवा.

घरात अशी गिनी असेल तर विकण्याआधी ती नाण्यांच्या जाणकाराला दाखवा, त्याच सालाचं आणि त्याच टाकसाळीचं खात्रीचं नाणं शेजारी ठेवून पाहायला सांगा. आणि तोवर तिला पितांबरी किंवा टूथपेस्ट लावून घासू नका. ज्या काठांवरून खरं-खोटं ओळखायचं, तेच घासण्याने पुसले जातात.