आधी घरच्या मराठीत म्हणून पाहा

संग्रामपूर तालुक्यातली दहावी-बारावीची मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि इंग्रजी शिकवणारे सर-मॅडम यांना एक विनंती आहे. इंग्रजी वाक्य जुळवताना पुस्तकी मराठीचा आधार घेऊ नका. घरात, शेतात बोलता ती मराठी आठवा.

आपल्याकडे एक चूक सर्रास होते. ‘व्हेन आय विल रीच शेगाव, आय विल कॉल यू.’ पेपरात यावर गुण जातात आणि पुढे मुलाखतीत तेच वाक्य तोंडातून निघतं. बरोबर वाक्य असं: ‘व्हेन आय रीच शेगाव, आय विल कॉल यू.’ यावर मुलांचा प्रश्न रास्त असतो. पोचायचं तर अजून बाकी आहे, मग तिथे वर्तमानकाळ कसा? उत्तरादाखल त्यांना नियम मिळतो: व्हेन, आफ्टर, बिफोर, अनटिल, ॲज सून ॲज यांच्या उपवाक्यात विल घालू नये. पाठ केलेला हा नियम परीक्षेपर्यंतही टिकत नाही.

आता वरवट बकालच्या स्टँडवर कान द्या. ‘शेगावले पोचलो की फोन करतो.’ बोलणारा अजून गाडीत चढलेला नाही, तरी ‘पोचलो’ म्हणतो. ‘पाणी पडलं की पेरू.’ आभाळ कोरडं आहे, तरी ‘पडलं’. म्हणजे ‘की’च्या आधी भविष्यकाळ आपणही वापरत नाही. तिथे आपण भूतकाळाचं रूप ठेवतो, इंग्रजी वर्तमानाचं ठेवते, एवढाच फरक. ‘जेव्हा मी पोचेन तेव्हा मी फोन करीन’ असं इथे घरात कोण बोलतं? ते वर्गातलं वाक्य आहे आणि जादा विल त्यातूनच येतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराची ती रीत मला आजही उपयोगाची वाटते. फक्त ज्या मराठीचं भाषांतर करायचं, ती खरोखर बोलली जाणारी हवी.

व्हेन दिसलं की विल खोडायचं, असंही करू नका. ‘बस कधी येईल माहीत नाही’ याचं इंग्रजी ‘आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम’ असंच होतं. मराठीत ‘कधी’ आलं तर पुढची गोष्ट सांगताना विल चालतं. ‘बस आली की सांग’ यात ‘की’ आहे, म्हणून ‘टेल मी व्हेन द बस कम्स’. मराठीत ‘कधी’ आहे की ‘की’ आहे, एवढं आधी ठरवा.

अनटिलपाशी मात्र आपली मराठी अडचण करते. ‘पाणी येत नाही तोपर्यंत थांबू’ यातला ‘नाही’ मुलं इंग्रजीत नेतात आणि ‘अनटिल द रेन डझ नॉट कम’ लिहितात. तो नकार अनटिलच्या पोटातच आहे. ‘वी विल वेट अनटिल द रेन कम्स’ एवढंच लिहायचं. इथे ‘पाणी येईपर्यंत थांबू’ असं म्हणून पाहिलं की ‘नाही’ आपोआप गळतो.

काम पुरं होण्यावर भर असेल तर आपण ‘जेवून झालं की येतो’ म्हणतो. तिथे ‘व्हेन आय हॅव ईटन’ बसतं. आणि शेगावच्या स्टेशनवर गाडी पकडायची घाई असताना घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘आपण पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असेल.’ या वाक्याला ‘बाय द टाइम वी रीच, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’ अगदी तंतोतंत बसतं. ‘पोचेपर्यंत’ला भविष्यकाळ नाही, ‘रीच’लाही नाही. ‘गेलेली असेल’ म्हणजेच ‘विल हॅव लेफ्ट’.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकूनही मूल या एका विलपाशी अडखळत असेल, तर सर-मॅडमनी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ते मुलांकडून वऱ्हाडीत वदवून घ्यावं. त्यात ‘शेगावले’ आलं म्हणून टोकू नये. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल. अभ्यासाला बसलेल्या मुलाला त्यांनी एवढंच विचारावं, ‘हे आपण घरी कसं म्हणतो?’