‘मोटर गेली’ म्हणे!

गच्चीवरची आठ फुटी छत्री हलेनाशी झाली की डिशवाल्याला निदान करायला जिना चढण्याइतकाही वेळ लागत नाही. खालूनच मान वर करून तो सांगतो, ‘काका, मोटर गेली. नवीन टाका.’ खिशात मीटर नाही, हातात पाना नाही. नाडी न बघताच तिरडी बांधायला घेणाऱ्या या जमातीचा मला मनापासून वीट आला आहे.

सी-बँडची छत्री पूर्व-पश्चिम ढकलणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, आतून अगदी साधा असतो. ३६ व्होल्ट डीसीची मोटर, गिअर, लांब स्क्रू, दोन टोकांना लिमिट स्विच आणि एक चिमुकला रीड स्विच. फिरत्या चाकावरचं चुंबक समोरून गेलं की हा स्विच उघडझाप करतो. खोलीतला पोझिशनर ते ठोके मोजतो आणि ८३ अंशांवरच्या जीसॅट-३० या उपग्रहावरून १०५.५ अंशांवरच्या एशियासॅट-७ कडे किती सरकायचं ते ठरवतो. ठोके आले नाहीत की दांडा अडकला असं समजून काही सेकंदांत वीज तोडतो. छत्री जराशी हलते, थांबते. बिघाड रीड स्विचच्या किरकोळ किमतीच्या काचेच्या नळीत किंवा तिच्या वायरीत, आणि बिल अख्ख्या मोटरीचं!

मोटर खरंच मेली का, हे कळायला पदवी लागत नाही. तिच्या दोन वायरी पोझिशनरपासून सोडवा आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून थेट लावा. २४ व्होल्टवर ती रेंगाळत फिरेल, पण फिरेल. वायरी उलट केल्या की उलटी फिरेल. एकाच दिशेला गप्प बसली तर बहुधा लिमिट स्विचवर जाऊन टेकली आहे. झाली परीक्षा. पण ही परीक्षा घेतली तर नव्या मोटरीवरचा नफा बुडतो ना!

मीटर बाळगणारे पंडितही आहेत. वायर सोडून मोजतात, ३६ दिसले की ‘सप्लाय ओके’. अहो, भार नसताना कुजकी वायरसुद्धा ३६ दाखवते! मोटर जोडलेली ठेवा, बटण दाबून धरा आणि छत्रीपाशी मोजा. तिथं आकडा निम्म्यावर कोसळला तर दोष गंजलेल्या जोडात, दमलेल्या सप्लायमध्ये किंवा पैसे वाचवायला टाकलेल्या त्या दोऱ्यासारख्या वायरीत आहे.

पावसाळ्याची कथा तर संतापजनक. मोटरीच्या घराला पाणी निथळायला भोक असतं आणि ते खालच्या बाजूला यायला हवं. आमचे कारागीर ते आभाळाकडे करतात, नाहीतर ‘पाणी जाईल’ म्हणून एम-सीलने बुजवतात. मग चार महिने आत ओल साठते, गिअर गंजतो आणि दोष कंपनीचा!

केयू-बँडच्या छोट्या डिशची डायसेक मोटर याहून सोपी. एकाच केबलमधून वीज आणि हुकूम दोन्ही जातात. बहुतेक मोटरींच्या अंगावरच पूर्व-पश्चिमेची बटणं असतात. दाबल्यावर फिरली तर मोटर ठणठणीत. मग रिसीव्हरची सेटिंग आणि केबलच्या वाटेतला स्विच तपासा. अडचण एवढीच, बटण दाबायला वर चढावं लागतं.

गिऱ्हाईकही धुतल्या तांदळाचं नाही. नव्या खोक्याला हजारो रुपये मुकाट मोजेल. तासभर उन्हात वायर तपासणाऱ्याने दोनशे मागितले की, ‘बदललंस काय तू?’ असं विचारेल. मग तो तरी कशाला तपासेल? तपासणीचे पैसे आधी ठरवा आणि न कुरकुरता द्या. आणि तरीही कुणी खालूनच ‘मोटर गेली’ म्हणाला, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवा.