बिजागरीत पैसे वाचवू नका!

मित्रांनो, मॉड्युलर किचनच्या धंद्यात उतरताय? मग कोपऱ्याच्या कपाटाचं घडीचं दार आधी नीट समजून घ्या. साधी बिजागरी साधारण ११० अंशांपर्यंतच उघडते. इथे पहिला पल्ला कपाटाला १६५ किंवा १७० अंशांच्या बिजागरीने जोडायचा आणि दुसरा पल्ला पहिल्याला, घडीच्या खास बिजागरीने. म्हणजे दोन्ही पल्ल्यांचं वजन एकाच बाजूला!

त्यात आपला गगनबावड्याचा पाऊस. दमट हवेत लोखंड गंजतं, पार्टिकल बोर्ड फुगतो, स्क्रू सैल होतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एसएस ३०४ ची बिजागरी आणि आयएस ७१० प्लायच वापरा. कोटेशनमध्ये त्याचा दर वेगळा दाखवा. गिऱ्हाईक घासाघीस करणारच. तेव्हा लॅमिनेट स्वस्तातलं सुचवा, बिजागरी नाही. छोट्या गावात लोंबणारं दार रोज तुमचंच नाव सांगतं.