तातडीची चिठ्ठी

हैदराबादच्या रेड हिल्स भागात कर्करोगाचे एक सरकारी इस्पितळ आहे. मेहदी नवाज जंग यांचे नाव धारण करणारे हे इस्पितळ १९५५ साली स्थापन झाले, तेव्हा नांदेड, परभणी, बीड हे जिल्हे हैदराबाद राज्यातच मोडत होते. पुढच्याच वर्षी राज्यांच्या सीमा बदलल्या. परंतु देगलूर-बिलोलीकडील माणूस मोठ्या दुखण्यात अजूनही हैदराबादची वाट धरतो. ती वाट तो किती उशिरा धरतो, याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका आल्यास डॉक्टराने तातडीची चिठ्ठी द्यावी व चौदा दिवसांच्या आत तज्ज्ञाने रुग्णास पाहावे, असा नियम इंग्लंडात २००० सालापासून लागू झाला. नियम चांगल्या हेतूने झाला होता आणि चिठ्ठीवाल्यांची भेट लवकर होऊही लागली. परंतु भेट म्हणजे निदान नव्हे. दुर्बिणीने आतडे तपासणे, संशयित भागाचा तुकडा काढून परीक्षेस पाठविणे, हे सारे पुढेच असते. आणि चौदा दिवसांच्या हिशेबात ते धरलेच जात नसे. तातडीच्या रांगेतील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोकांना कर्करोग नसे. ज्याची लक्षणे मोघम, त्याला मात्र साधी चिठ्ठी मिळे आणि त्याची रांग मागे रेटली जाई. कित्येकांचे निदान तर आतडे अडून इस्पितळात धावत नेल्यावरच होई. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा चौदा दिवसांचा नियम रद्द झाला. आता रोग आहे की नाही, हे रुग्णास २८ दिवसांत सांगावे, असे लक्ष्य आहे. आणि तातडीच्या रांगेत कोणास घ्यावे हे ठरविण्यासाठी आधी शौचातील सूक्ष्म रक्ताची तपासणी केली जाते. मोजावयाचे ते भेटीचे दिवस नव्हेत, निदानाचे, हे उमगावयास त्या सधन देशालाही वीस वर्षांहून अधिक काळ लागला!

आपल्याकडे असे घड्याळ नाहीच. सरकारी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होते, आतड्याची नाही. तेव्हा आपला खरा विलंब चिठ्ठीच्या पुढचा नसून अलीकडचा आहे. शौचावाटे रक्त पडले की घरचे म्हणतात, मूळव्याध. औषधविक्रेताही तेच म्हणतो. कोणी झाडपाल्याचा काढा सुचवितो, कोणी तिखट वर्ज्य करावयास सांगतो. पेरणी होते, काढणी होते, आणि दुखणे पोटात वाढत राहते. पुष्कळदा ते मूळव्याधच असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते ठरविले कोणी?

गुदाशयातील पुष्कळशा गाठी डॉक्टरास हातमोजा घालून केवळ बोटाने तपासताही हाताला लागतात. यास दुर्बीण नको, हैदराबाद नको. तालुक्याचे इस्पितळ पुरते. आड येते ती लाज. आमच्या मायबहिणी तर नवऱ्यासही सांगत नाहीत. आणि हा रोग केवळ म्हाताऱ्यांचा, हा समजही सोडावा; आपल्या देशात चाळिशीच्या आतबाहेरची माणसे यात पुष्कळ आढळतात. तीन आठवड्यांहून अधिक रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, कारणावाचून वजन उतरणे, पुरुषास किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीस रक्तक्षय होणे, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरास स्पष्ट विचारावे, "आपण तपासून पाहिलेत का?" न तपासता दिलेल्या मलमावर आमचा तरी विश्वास नाही.

हैदराबादला जावयाचे ठरलेच तर एक गोष्ट आधी पाहावी. २००७ साली आंध्र प्रदेशात सुरू झालेली आरोग्यश्री योजना आज तेलंगणात तेथील कार्डधारक कुटुंबांसाठी आहे. महाराष्ट्रातील कुटुंबासाठी महात्मा फुले योजना निराळी. आपले कार्ड तेथे चालेल की नाही, हे गाडीत बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे. तुकड्याची परीक्षा आधी झाली असल्यास अहवालासह त्याच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळेही मागून बरोबर न्यावेत. ते नसल्यास तुकडा पुन्हा काढावा लागण्याचा संभव असतो, आणि आणखी काही दिवस त्यातच जातात.