हार घालून प्रश्न मिटत नाही

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बावीस वर्षांचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण. शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील प्रत्येक जवान ठार वा जखमी झाला, तेव्हा ते एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलण्यास उसंत नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. नंतर पाठीत गोळी लागून तेही कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरले गेले. २०२३ साली इटलीतील मोंतोने येथेही त्यांचे स्मारक उभे राहिले.

या शौर्याविषयी वाद नाही. वाद आहे तो स्मरणाच्या रीतीविषयी. एक पक्ष हार घालतो, बिगुल वाजवतो आणि मोकळा होतो. दुसरा, स्वतःला पुरोगामी म्हणवणारा, ‘इंग्रजांचा भाडोत्री शिपाई’ म्हणून नाक मुरडतो. या तरुणाला तेथे कोणी व का धाडले, हा प्रश्न दोघेही टाळतात.

३ सप्टेंबर १९३९ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीस न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. सुमारे २५ लाख हिंदी जवान त्या युद्धात लढले. सुमारे ८७ हजार परतले नाहीत. सक्तीची भरती नव्हती, हे साम्राज्याचे समर्थक अभिमानाने सांगतात. परंतु खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कोकणात ‘स्वेच्छा’ या शब्दाला अर्थ तरी किती? त्याच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांना न्यायासाठी १९३३ पासून वर्षानुवर्षे संप करावा लागला होता. जेथे पोटाची चिंता रोजची, तेथे पलटणीचा पगार हीच एक भरती असते.

शेजारच्या महाड तालुक्यात १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखालील मोर्चावर याच सरकारने गोळ्या झाडल्या. घाडगे इटलीत पडले त्या दिवशी आचार्य नरेंद्र देव व नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. फॅसिझमचा पराभव व्हायलाच हवा होता आणि त्यात घाडगे यांचे रक्त सांडले, हे समाजवाद्यांनी निःसंकोच मान्य करावे. पण जगाला स्वातंत्र्याची ग्वाही देणारे राज्य हिंदुस्थानला तुरुंगात ठेवत होते, हेही त्याच श्वासात सांगावे. महाडचे हुतात्मे आणि पळसगावचा शिपाई एकाच मातीतले. एकाला वंदन करण्यासाठी दुसऱ्याचा अवमान करण्याचे कारण नाही.

हा केवळ इतिहास नव्हे. रशियाच्या सैन्यात शिरलेल्या १२६ भारतीयांची नोंद असून त्यांपैकी १२ जण मृत्यू पावले, असे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्यांतील अनेकांना दलालांनी नोकरीचे आमिष दाखवून नेले होते. व्हाइसरॉय गेला, दलाल आला. घरची गरज मात्र तीच राहिली.

म्हणून १० जुलैला कार्यकर्त्यांनी हार जरूर घालावा. परंतु त्याच सभेत महाडच्या हुतात्म्यांची नावे घ्यावीत, परदेशातील लढाईसाठी तरुण फसवून नेणाऱ्या दलालांना शिक्षेची मागणी करावी आणि गावातच काम मिळावे म्हणून लढा उभारावा. परक्याच्या युद्धात मरण्याची पाळी कोणावरही येऊ नये, यासाठी झटणे हीच त्या बावीस वर्षांच्या जवानाला खरी मानवंदना होय.