आधी बारा महिन्यांचे युनिट मांडा

मे महिन्याचं वीजबिल हातात आलं की नांदेडच्या तरोड्यात काय किंवा लातूरच्या औसा रोडवर काय, घराघरांत एकच प्रश्न निघतो: युनिटचा दर एकदाच काही वर्षांसाठी बांधून घेता येत नाही का? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहक चार कंपन्यांचे दर ताडून बघतो आणि वर्ष-दोन वर्षांसाठी दर बांधून घेतो. आपल्याच मुंबई उपनगरांत 2009 पासून टाटा की तेव्हाची रिलायन्स, म्हणजे आताची अदानी, अशी निवड लोकांना करता आली आहे. नांदेड-लातूरला ती सोय नाही. इथे तार एकच, महावितरणची, आणि दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. त्यामुळे दारात येऊन कुणी “आमच्याकडे फिक्स रेट आहे” म्हणाला, तर तो माणूस वीज विकायला आलेला नाही, दुसरंच काही विकायला आला आहे हे ओळखा.

पण निवड करायला काहीच नाही असंही नाही. ती तुमच्या बिलाच्या आतच आहे, आणि ती कळण्यासाठी दराची चढण समजून घ्यायला हवी.

1 एप्रिल 2024 पासूनच्या दरपत्रकाचा हिशोब बघा. पहिल्या 100 युनिटला वीज आकार 4 रुपये 71 पैसे. 101 ते 300 युनिटला 10 रुपये 29 पैसे. 301 ते 500 ला 14 रुपये 55 पैसे आणि त्यापुढे 16 रुपये 64 पैसे. प्रत्येक युनिटवर 1 रुपया 17 पैसे वहन आकार वेगळा. सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार 128 रुपये. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी 100 युनिटचं बिल साधारण 830 रुपये होतं आणि 200 युनिटचं 2,160. वापर दुप्पट झाला, पण बिल अडीचपटीच्याही वर गेलं. जुलै 2025 पासून आकडे पुन्हा बदलले, म्हणून तुमच्या ताज्या बिलाच्या मागचा तक्ताच प्रमाण माना. चढण मात्र तशीच आहे.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. मीटर 101 वर गेला की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो, असं लोक सर्रास सांगतात. ते खरं नाही. पहिले 100 युनिट पहिल्याच दराने धरले जातात, वरचा दर फक्त वरच्या युनिटला लागतो. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातलं असतं. 200 युनिटच्या घरात एक युनिट वाचलं तर शुल्कासह 13 रुपये वाचतात. 80 युनिटच्या घरात तेच युनिट 7 रुपयांचंही नाही. म्हणून शेजाऱ्याने काय केलं यावर आपला निर्णय बेतू नका. गेल्या बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर ओळीने मांडा. बिलं जपून ठेवली नसतील तर महावितरणच्या अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकून जुनी बिलं मिळतात.

त्या कागदावर एखाद्या महिन्यात अचानक उडी दिसली तर आधी रीडिंग तपासा. बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून बघा. रीडिंगच्या जागी ‘लॉक’ किंवा ‘आरएनए’ असा शेरा असेल तर ते बिल सरासरीचं आहे, आणि पुढच्या वेळी दोन-तीन महिन्यांचे युनिट एकत्र येणार आहेत. तसे आले तर टप्प्यांचा लाभ तितक्या महिन्यांत वाटून मिळायला हवा. दोन महिन्यांचे मिळून 180 युनिट असतील तर ते 90-90 धरले पाहिजेत. तसं झालं नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या. उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. ही व्यवस्था 2003 च्या वीज कायद्याने दिलेली आहे.

आता एकत्र घरांबद्दल सांगतो, कारण मराठवाड्यात सर्वांत जास्त पैसा इथे वाया जाताना दिसतो. तीन भाऊ एकाच वाड्यात राहतात, चुली वेगळ्या आहेत, पण मीटर वडिलांच्या नावावर एकच. प्रत्येकाचा वापर 120 युनिट धरला तर मीटरवर 360 युनिट पडतात. वरच्याच दराने त्याचं बिल सुमारे 4,580 रुपये होतं. तीन मीटर असते तर तिन्ही बिलं मिळून 3,290 च्या आसपास. तीन स्थिर आकार भरूनही महिन्याला जवळजवळ 1,300 रुपयांचा फरक पडतो. खरोखर वेगळा संसार असेल तर त्याची कागदपत्रं जोडून वेगळ्या जोडणीचा अर्ज करा. एकाच घरात नुसतं बिल फोडायला दुसरा मीटर घेणं मात्र नियमात बसत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

लातुरात नीट-जेईईच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांच्या पालकांनाही एक सांगणं आहे. खोलीला सबमीटर असतो आणि मालक युनिटला अमुक रुपये असा ठोक दर लावतो. या भागात ‘फिक्स रेट’ भेटतो तो इथेच. दर ठरवण्याआधी मालकाचं मूळ बिल बघायला मागा, एकूण रकमेला एकूण युनिटने भागा. वरच्या 360 युनिटच्या उदाहरणात तो दर पावणेतेरा रुपये येतो. त्याहून फार जास्त सांगत असेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि मालकांनो, दुसऱ्याच्या गावात शिकायला आलेल्या लेकरांच्या पंख्यावर नफा कमावू नका.

घरातच शिवणकाम किंवा छोटं दुकान चालवणाऱ्या ताईंनीही एक नियम लक्षात ठेवावा. महिन्याचा वापर 300 युनिटच्या आत आणि आधीच्या वर्षाचा 3,600 च्या आत असेल तर घराच्या एका भागातल्या अशा उद्योगाला घरगुती दरच लागतो.

दर बांधून घेण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे एकच आहे: छतावरचं सौर. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. 1 किलोवॅटमधून महिन्याला सरासरी 120 युनिट मिळतात असं धरतात. आपल्याकडे ऊन कमी नाही, त्यामुळे हा अंदाज अवास्तव नाही.

पण हे सगळ्यांना सारखं परवडत नाही. 200 युनिटच्या घराने 2 किलोवॅट बसवलं, कोटेशन समजा दीड लाखाचं आहे, तर अनुदान वजा जाता स्वतःचे 90 हजार लागतात. वर्षाला 24 हजारांच्या आसपास बिल वाचतं, म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल. आता 80 युनिटचं घर घ्या. 1 किलोवॅटचं कोटेशन 75 हजार धरलं तर स्वतःचे 45 हजार, आणि बचत महिन्याला साडेपाचशे. वसूल व्हायला सात वर्षं. अशा घराने कर्ज काढून घाई करू नये. राज्य सरकारचं जादा साहाय्य आपल्याला लागू होतं का, हे आधी उपविभागात विचारावं.

“बिल शून्य होईल” या शब्दावर तर सहीच करू नका. स्थिर आकार राहतोच. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात खरे, पण 31 मार्चला हिशोब बंद होतो आणि शिल्लक युनिटचे पैसे तुम्ही भरता त्या दराने मिळत नाहीत. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात शहाणपण नाही. पॅनेलची हमी 25 वर्षांची सांगतात, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी असते, ती वेगळी लिहून घ्या. आणि लातुरात पाणीटंचाईचे दिवस कसे असतात ते नव्याने सांगायला नको: पॅनेल धुवायला पाणी कुठून येणार, हेही बसवण्याआधीच ठरवा.

ज्यांना सौर जमणार नाही त्यांनी पंख्यांकडे बघावं. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 65 युनिट वाचतात. 101 ते 300 च्या मधल्या टप्प्यातल्या घराला त्याचे साडेआठशे रुपये होतात. हिवाळ्यात पंखे बंद असतात हे धरूनही दोन उन्हाळ्यांत पैसे फिटतात. वेळेनुसार वापर मोजणारा नवा टीओडी मीटर बसला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. ती तुमच्या बिलात दिसते का बघा आणि बोअरची मोटर, वॉशिंग मशीन त्या वेळेत लावा.

इंधन समायोजन आकारावर लोक सर्वांत जास्त चिडतात. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज ठरल्यापेक्षा महाग पडली की तो वाढतो. आपलं केंद्र बंद पडलं की वीज बाहेरूनच घ्यावी लागते: 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं होतं, ते आपण जवळून पाहिलं आहे. हा आकार आपण एकट्याने कमी करू शकत नाही. मात्र दर ठरवण्याआधी आयोग लेखी हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. मराठवाड्यासाठी ती छत्रपती संभाजीनगरला होते. नांदेड-लातूरहून जाणं खर्चाचं आहे, पण लेखी हरकत घरबसल्या पाठवता येते. ग्राहक पंचायत, महिला बचत गट, सोसायट्या यांनी आपापल्या सभासदांचे बारा महिन्यांचे युनिट एकत्र करून ती पाठवावी. किती घरं 100 च्या किंचित वर जाऊन मधल्या टप्प्यात अडकतात, हे आकडे मुंबईत बसलेल्या आयोगासमोर आपणच ठेवायचे आहेत.