तुओल स्लेंगची शाळा

गेल्या अंकीं अंकोरच्या देवालयांविषयीं व तेथील संस्कृत शिलालेखांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथें पाहण्यासारखें कांहीं आहे काय? आहे, परंतु लहान मुलांना तेथें नेऊं नये, आणि मोठ्यांनींही मन घट्ट करूनच जावें.

तें स्थळ म्हणजे एक हायस्कूल. तीन मजली चार इमारती, मध्यें मैदान, लांब व्हरांडे, सारख्या अंतरावर दारें. ज्याचें आयुष्य खडूच्या धुळींत गेलें त्याला ही शाळा आहे हें कोणी सांगावयास नको. तिचें नांव तुओल स्वाय प्रेय, म्हणजे रानआंब्यांची टेकडी. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षानें राजधानी घेतली, सारें शहर रिकामें करविलें, शाळा आणि नाणें दोन्ही बंद केलीं. ओस पडलेल्या या शाळेंत १९७६ पासून 'एस्-२१' हा गुप्त तुरुंग चालला. आतां तिला तुओल स्लेंग म्हणतात. 'स्लेंग' म्हणजे आपल्याकडील काजऱ्याचें विषारी झाड.

वर्गावर्गांमधील भिंती फोडून वाट केलेली आहे, आणि त्या वर्गांतच विटांच्या कोठड्या बांधल्या आहेत. इतक्या अरुंद, कीं दोन्ही हात पसरतां येऊं नयेत. कैद्यांनीं उड्या घेऊन जीव देऊं नये म्हणून व्हरांड्यांना काटेरी तारा. मुलांच्या व्यायामाचा उंच खांब छळासाठीं वापरला गेला. पहिल्या इमारतीच्या खोल्यांत एकेक लोखंडी खाट आहे. जानेवारी १९७९ मध्यें व्हिएतनामी सैन्य शहरांत शिरलें, तेव्हां शेवटच्या बळींचीं प्रेतें तेथें सांपडलीं; अंगणांत त्यांच्या १४ पांढऱ्या समाधि आहेत.

मी सर्वांत अधिक वेळ छायाचित्रांपुढें उभा होतों. येणाऱ्या प्रत्येक कैद्याचें चित्र काढीत, अंगावर क्रमांक लावीत. कित्येक चेहरे आपल्या आठवी-नववीच्या मुलांसारखे. एकूण १२,००० हून अधिक माणसें येथें आलीं. बहुसंख्य त्याच पक्षाचे लोक व त्यांचीं बायकामुलें. जिवंत सुटले ते फारच थोडे.

या तुरुंगाचा मुख्य कांग केक इएव, टोपणनांव 'दुच', हा पूर्वीं गणिताचा शिक्षक होता. त्याचा वरिष्ठ सोन सेन हा शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेंतील अधिकारी. सर्वांच्या वरचा पोल पॉट, तोही एका खासगी शाळेंत शिकवीत असे. शिकलेल्या लोकांस शत्रु मानून मारणाऱ्या राज्याचे सूत्रधार असे स्वतःच मास्तर! छळ करून लिहून घेतलेले जबाब दुच रात्रंदिवस तपाशी. समासांत शेरे मारी, लाल शाईनें दुरुस्त्या करी, अपुरें वाटलें तें पुन्हा लिहवून घेई.

आपल्या घरांतून 'शिकलेला' हा शब्द 'सज्जन' याच अर्थानें वापरतात. मुलगी द्यावयाची तरी आधीं शिक्षण विचारतात. 'साक्षर' उलट वाचला कीं 'राक्षस' होतो, हा संस्कृतांतला जुना शब्दखेळ सांगून कोणी म्हणेल कीं, यांची विद्याच उलटी झाली. मला तें पटत नाहीं. हजेरी, क्रमांक, टापटीप, तपासणी, दुरुस्ती हे चांगल्या मास्तराचेच गुण आहेत, आणि या इमारतींत ते सरळच चाललेले दिसतात. कमी होतें तें दुसरेंच कांहीं; आणि तें कोणत्या इयत्तेंत शिकवितात, हें मला सांगतां येणार नाहीं.

ख्मेर भाषेंत शिक्षकास 'क्रू' म्हणतात. तो आपला 'गुरु'. ज्या गुप्त पोलिसांचा हा तुरुंग, त्यांस 'सान्तेबाल' म्हणत. त्यांत 'शान्ति' आणि 'पाल' हे शब्द कानाला ओळखूं येतात. संस्कृत भाषा दूरदेशीं पोंचली म्हणून गेल्या अंकीं अभिमानानें लिहिलें होतें. ती येथवरही पोंचली, तेव्हां त्या अभिमानाचें काय करावें हें मला सुचेना.

दुचवर खटला झाला. त्यानें पश्चात्ताप सांगितला, क्षमा मागितली, आणि अखेरच्या दिवशीं सुटकाही मागितली. २०१० मध्यें त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ मध्यें ती जन्मठेप करण्यांत आली, आणि शिक्षा भोगीत असतां २०२० मध्यें तो वारला. टापटिपीनें ठेवलेलीं त्याचीं दप्तरेंच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरलीं.

वाचलेल्यांपैकीं वान नाथ हा चित्रकार होता; पोल पॉटचीं चित्रें काढावयास हवा म्हणून त्याला जगूं दिलें. पुढें त्यानें या तुरुंगांत पाहिलेलें काढलें. तीं चित्रें येथेंच लावलेलीं आहेत. चुम मेय यंत्रें दुरुस्त करी. जबाब लिहावयाचे टंकयंत्र बिघडलें कीं तें त्यालाच नीट करावें लागे.